कश्काबुलाकची काहील

मी एक जुनी बिडाची काहील आहे. मित्रांनो, कढई तर तुमच्या घरी असेलच. तिची एखादी धिप्पाड थोरली बहीण डोळ्यांसमोर आणा, म्हणजे मी दिसेन. घरचे, शेजारचे आणि वाटेत भेटलेले अशा सगळ्यांचा रस्सा माझ्या पोटात सहज मावायचा. मावायचा म्हणते, कारण आता मला काठापासून बुडापर्यंत तडा गेला आहे आणि माझ्यात घोटभर पाणीही ठरत नाही. तोकमोक गावाबाहेरच्या भंगाराच्या ढिगावर मी पालथी पडले आहे. अंगावर एक मोडकी इस्त्री आणि सायकलचं चाक आहे. माझी विचारपूस करायला इथं कुणी येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी बोलते. तुमच्या घरच्या दिनदर्शिकेत जोडून आलेल्या सुट्ट्या असतील, म्हणून बोलते.

माझा जन्म फ्रुंझेच्या ओतकारखान्यातला. त्या शहराला आता बिश्केक म्हणतात. वितळलेलं लालभडक बीड वाळूच्या साच्यात ओतलं, थंड झाल्यावर घासलं आणि बाजारात पाठवलं. तिथं नव्या लग्नाची एक मुलगी आली. नाव बुबुकान. तिनं बोटाच्या पेरानं मला टकटक वाजवलं आणि कान लावून ऐकलं.

"ही खणखणीत आहे. हीच घ्यायची," ती नवऱ्याला म्हणाली.

तिचा नवरा जुमाश साखर कारखान्यात ट्रक चालवायचा. उंच, हसरा, थोडा वेंधळा. तो म्हणाला, "अगं, आपण दोघंच तर आहोत! हिच्यात काय मी अंघोळ करू?"

"जन्मभर दोघंच राहणार आहोत का?" बुबुकान म्हणाली, आणि आपण भर बाजारात काय बोलून गेलो हे कळून कानापर्यंत लाल झाली. जुमाशनं मुकाट्यानं मला खांद्यावर घेतलं.

घरी आणल्यावर तिनं माझ्यात मीठ भाजलं, मेंढीच्या शेपटीची चरबी चोळली, पुन्हा तापवलं, पुन्हा चोळली. अशी मी काळी कुळकुळीत आणि तुकतुकीत झाले. बिडाच्या भांड्याचं एक दुखणं असतं, मित्रांनो. ते आगीला भीत नाही, पण तापलेलं असताना त्यात गार पाणी पडलं तर ते तडकतं. बुबुकानला हे तिच्या आईनं शिकवलं होतं. एकदा जुमाश माझ्या गरम पोटात बादली रिकामी करायला निघाला, तर तिनं पळीनं त्याच्या मनगटावर असा फटका दिला की बादली एकीकडे आणि जुमाश दुसरीकडे!

"हात मोडलास की बाई!" तो ओरडला.

"हात जुळतो. काहील जुळत नाही," ती म्हणाली.

पुढे हे वाक्य त्या घरात इतक्यांदा ऐकू आलं की पोरं तिची नक्कल करायची. रिसबेक थोरला, मिर्लान धाकटा. तिकडे आईला अपा म्हणतात. कुणी पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या आसपास आलं, की दोघंही एका सुरात ओरडायचे, "अपाऽऽ, हात जुळतो, काहील जुळत नाही!" आणि अपा खोट्या रागानं पळी उगारायची.

आता खरी गोष्ट सांगते. माझं खरं आयुष्य घरातल्या चुलीवर गेलंच नाही. ते गेलं कश्काबुलाकला.

अंगणातून दक्षिणेला पाहिलं की बर्फाचे डोंगर दिसायचे. त्यातल्या एका खोऱ्यात झरा होता, झऱ्याकाठी रानटी जर्दाळूची झाडं होती आणि एक सपाट हिरवा तुकडा होता. तेच कश्काबुलाक. घरून निघालं की चहाची किटली गार व्हायच्या आत पोचावं, इतकं जवळ. दोन सुट्ट्या जोडून आल्या रे आल्या, की जुमाश कारखान्याचा ट्रक मागून आणायचा. गाद्या, सतरंज्या, शेजारची म्हातारी, तिचा नातू, शेळी, सगळं मागे. मी मधोमध, दोरीनं बांधलेली. मोठ्या रस्त्यावरून खोऱ्याकडे जो फाटा फुटतो, तिथल्या पॉप्लरच्या झाडापाशी जुमाश दोनदा हॉर्न वाजवायचा.

"कुणाला वाजवतोस रे? रस्त्यावर चिटपाखरू नाही!" शेजारीण विचारायची.

"झऱ्याला. पाहुणे येतायत म्हणून आधी कळवायला नको?"

पोरं खिदळायची. मीसुद्धा दोरीत खणखण वाजायचे. खरं सांगते, त्या वळणावर मला जितका आनंद झाला तितका पुढे कुठल्याच लग्नकार्यात झाला नाही.

तिथं पोचलं की जुमाश तीन दगड मांडायचा. वर्षानुवर्षं तेच दगड. मेंढीचं मांस झऱ्याच्या पाण्यात शिजत पडायचं आणि दुपार झाली की सगळे गोल बसायचे. मग अपा उठायची. त्या लोकांची रीत अशी की मांस असंच कुणाच्याही पानात पडत नाही. हाडाला मान असतो. कमरेचं हाड घरातल्या वडीलधाऱ्याचं, मांडीचं त्याच्या खालच्याचं, माकडहाड मोठ्या बाईचं, आणि असं उतरत उतरत पोरासोरांपर्यंत. आपल्या हातात कुठलं हाड आलं, यावरून आपण घरात कुठं बसतो हे प्रत्येकाला कळतं. जो यायचा राहिला, त्याचंही हाड निघतं. ते कुणी खात नाही. फडक्यात भाकरीसोबत बांधून घरी न्यायचं, त्याला केशिक म्हणतात. "तू नव्हतास, पण आम्ही तुला मोजलं होतं" असं सांगायची ती पद्धत.

त्या दिवसांत कश्काबुलाकला केशिक क्वचितच बांधलं जायचं. कारण राहायचंच कोण? मिर्लान एकदा गालगुंडानं सुजलेला होता, तरी मफलर गुंडाळून ट्रकमध्ये चढला होता.

कौतुक तर इतकं झालं माझं! "बुबुकानच्या काहिलीतल्या रश्श्याची चव दुसऱ्या भांड्यात उतरत नाही," असं अख्खी गल्ली म्हणायची. मला वाटायचं, हे असंच चालणार. भांड्याला काय अक्कल असते?

आधी कारखान्यानं ट्रक द्यायचं बंद केलं. मग कारखानाच मोडकळीला आला. पोरं शिकली, बिश्केकला गेली. बिश्केक काही दूर नाही, सकाळी निघालं तर न्याहारीला पोचतं माणूस. दोघांनी गाड्या घेतल्या. जुमाश म्हणाला, "आता काय, दोन गाड्या! आता ट्रकची गरजच नाही." त्या हिवाळ्यात त्याला छातीत दुखायला लागलं. खाटेवर पडून तो खिडकीतून डोंगर बघायचा. "मेच्या सुट्ट्यांत जाऊ. बर्फ वितळू दे," म्हणायचा. बर्फ वितळायच्या आधीच तो गेला.

त्यानंतर दर गुरुवारी संध्याकाळी अपा मला अंगणातल्या चुलीवर चढवायची आणि तेलात कणकेच्या छोट्या चौकोनी वड्या तळायची. गेलेल्या माणसाला तेलाचा वास पोचतो, असं ते लोक मानतात. वड्या शेजारीपाजारी वाटायच्या आणि वास जुमाशला. तळताना ती त्याला गल्लीतल्या बातम्या सांगायची. ऐकणारी मी एकटीच होते.

आणि दर जोडसुट्टीच्या आधी ती फोन लावायची. तिचं एकच मागणं होतं. सगळ्यांनी एकदा कश्काबुलाकला बसायचं, तिनं आपल्या हातानं प्रत्येकाचं हाड वाटायचं. दुसरं काही नको होतं तिला. गुडघे गेले होते, धाप लागायची, आणि आपल्याकडे फार सुट्ट्या उरलेल्या नाहीत हे ती ओळखून होती.

"अपा, या वेळी नाही जमणार गं," रिसबेक म्हणायचा. "आम्ही समुद्रावर चाललोय, तुर्कस्तानला. तिकिटं काढून झाली. कश्काबुलाक काय, घराच्या मागेच आहे. कधीही जाऊ."

मिर्लान म्हणायचा, "अपा, तीन दिवसांची सुट्टी आणि त्यात एवढ्याशा खोऱ्यात काय जायचं? जवळच तर आहे. पुढच्या वेळी नक्की."

मित्रांनो, हे 'जवळच तर आहे' मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता मला त्याचा राग येतो. लांबच्या गावाला माणूस तारीख ठरवून जातो. जवळच्या जागेला तारीखच मिळत नाही. ती बिचारी आज ना उद्या म्हणत उंबऱ्याशी बसून राहते. पोरं वाईट नव्हती हो. पैसे पाठवायची, औषधं आणून द्यायची, आईच्या नावानं शपथा घ्यायची. फक्त यायची नाहीत.

शेवटी एका मे महिन्यात दोघांनी हो म्हटलं. रिसबेकनं स्वतः फोन करून सांगितलं, "अपा, या वेळी ठरलं म्हणजे ठरलं. तू ऐझिरेकला घेऊन पुढे हो. आम्ही दुपारपर्यंत पोचतो." ऐझिरेक ही त्याची मुलगी, सुट्टीसाठी आजीकडे आली होती. बडबडी, आजीचा पदर न सोडणारी.

काय सांगू त्या दिवसाचं! अपानं मला राखेनं घासलं, चरबीचा हात दिला. भाड्याची जीप आली. चालक मला उचलताना कण्हला.

"आजीबाई, अख्ख्या गावाला जेवायला घालताय की काय?"

"गावाला कशाला? माझी पोरं येतायत!" अपा म्हणाली. हे तिनं त्याला वाटेत आणखी दोनदा सांगितलं. फाट्यावर आल्यावर तिनं त्याच्या खांद्यावर थोपटलं. "बाळा, जरा दोनदा हॉर्न वाजव."

"कुणाला?"

"तू वाजव रे. वाद नको घालू."

त्यानं वाजवला. अपा हसली आणि मग डोळे पुसत बाहेर बघत बसली.

जर्दाळू फुलून गेले होते. जुमाशचे दगड तिथंच होते, गवतात बुडालेले. ऐझिरेकनं काटक्या आणल्या, चालकानं मला चढवून दिलं आणि संध्याकाळी येतो म्हणून तो गेला. अपानं सतरंज्या अंथरल्या, एकेकाची जागा ठरवली. इथं रिसबेक, इथं सूनबाई, इथं मिर्लान, त्याची बायको, त्याची पोरं. माझ्या पोटात मांस रटरटत होतं आणि मी जीव तोडून शिजवत होते. दुपार झाली. मांस हाडावरून सुटायला आलं. वाटेकडे कुणीच दिसेना.

"चोन अपा, मला भूक लागली," ऐझिरेक म्हणाली. आजीला ती चोन अपा म्हणायची.

"थांब गं राणी. थोरले बसल्याशिवाय वाढतात का? येतीलच आता."

खोऱ्यात फोन लागत नाही. टेकाडावर चढावं लागतं. उन्हं कलायला लागली तेव्हा अपानं नातीला वर पाठवलं. पोरगी धावत गेली आणि परत आली ती मात्र हळूहळू, पायांनी खडे उडवत.

"काय म्हणाले?"

"पपा म्हणाले, साहेबांनी अचानक इसिक-कुल तलावावर नेलं, नाही म्हणता आलं नाही. म्हणाले, तू चिडू नकोस. पुढच्या सुट्टीत नक्की."

"आणि मिर्लान?"

ऐझिरेक खाली बघायला लागली. "काका म्हणाले, दादा येत नाही तर मी एकटा येऊन काय करू."

अपानं पळी घेतली आणि मांस काढायला सुरुवात केली. मला वाटलं, ती दोघींपुरतं वाढेल. पण तिनं सगळं काढलं. रीतीप्रमाणे. कमरेचं हाड रिसबेकच्या रिकाम्या जागेपुढे ठेवलं, मांडीचं मिर्लानच्या. सुनांची, नातवंडांची हाडं ज्याच्या त्याच्या जागेपुढे. माकडहाड स्वतःपुढे. मग मधे बसून तिनं हात वर केले, दुवा मागितली आणि चेहऱ्यावरून हात फिरवला. इतक्या जणांचं जेवण समोर, आणि बसलेल्या दोघीच. ऐझिरेक एक घास घेऊन रडायला लागली.

"रडू नको. खा तू," अपा म्हणाली. "केशिक बांधायचंय आपल्याला. बघून ठेव कसं बांधतात ते. भाकरी खाली, हाड वर."

सगळी हाडं फडक्यांत गेली. रस्सा दिवसभर आटून तळाशी थोडासाच राहिला होता, तो तिनं पळीनं काढून टाकला. खाली निखारे अजून धगधगत होते, माझं अंग तापून लाल व्हायचं बाकी होतं. अपानं बादली उचलली, झऱ्याशी गेली आणि बर्फासारखं पाणी भरून आणलं. मी बघत होते. मला वाटलं, निखाऱ्यांवर ओतेल. तिची नजर वाटेकडे होती. आणि तिनं ती बादली माझ्यात रिकामी केली.

मी तडकले. आवाज असा झाला की झाडावरचे कावळे उडाले. पाणी फिसकन् निखाऱ्यांवर सांडलं आणि चहूकडे वाफ झाली.

अपा तशीच उभी राहिली, बादली हातात. मग ती माझ्याजवळ खाली बसली आणि चटका बसतोय याचं भान न ठेवता त्या तड्यावरून बोट फिरवायला लागली. "अगंबाई, हे मी काय केलं? मीच केलं की गं. मीच." आणि मग ती रडली. जुमाश गेला तेव्हाही मी तिला तसं रडताना पाहिलं नव्हतं. ऐझिरेक तिच्या गळ्यात पडून म्हणत होती, "चोन अपा, आपण नवी आणू ना. पपांना सांगते मी." अपा मान हलवत राहिली.

माझा तिच्यावर राग नाही, मित्रांनो. कधीच नव्हता.

संध्याकाळी जीप आली. मला तिथंच टाकून द्या, असं चालक म्हणाला. अपानं ऐकलं नाही. घरी आल्यावर तिनं मला अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं. केशिकाची फडकी मात्र तशीच राहिली. न्यायला कुणी आलं नाही, तेव्हा एक दिवस ती शेजारच्या कुत्र्याला गेली. गुरुवारचं तळण ती एका छोट्या तव्यात करायला लागली. वास फार लांब जात नव्हता. ती पुन्हा कधी कुणाला कश्काबुलाकचं बोलली नाही. सुट्टीच्या आधी रिसबेकनंच एकदा विषय काढला, तर म्हणाली, "राहू दे रे. काहीलच फुटली, आता शिजवू कशात?"

पानगळीत ती गेली. सकाळी चहा टाकायला उठलीच नाही.

आणि मग सगळे आले. अंगणात तंबू उभा राहिला, पुरुषांनी दाराशी उभं राहून मोठ्यानं आक्रोश केला, बायकांनी विलाप गायले. रिसबेक आला, मिर्लान आला, सुना, नातवंडं, साहेबसुद्धा आले. कामावरून रजा मिळाली, पोरांच्या शाळा बुडाल्या, आणि कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. भाड्यानं आणलेल्या मोठमोठ्या काहिलींत मांस शिजलं. मी भिंतीशी बसून बघत होते. कमरेचं हाड रिसबेकला, मांडीचं मिर्लानला, प्रत्येकाला आपापलं, अगदी रीतीप्रमाणे. कुणाचीच जागा रिकामी नव्हती. अपाला जे हवं होतं ते सगळं होतं तिथं. अपा तेवढी नव्हती.

ऐझिरेकनं माकडहाड उचललं, भाकरीवर ठेवलं आणि फडक्यात बांधायला लागली.

"हे कुणासाठी गं?" मिर्लाननं विचारलं.

गाठ नीट बसत नव्हती, ती पुन्हा पुन्हा बांधत होती.

तिसऱ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर दोघं भाऊ माझ्याजवळ येऊन उभे राहिले. डोळे सुजलेले होते. रिसबेकनं माझ्या काठावर हात ठेवला.

"हात जुळतो, काहील जुळत नाही," तो म्हणाला.

"दादा, एकदा सगळे जाऊ या का कश्काबुलाकला?" मिर्लान म्हणाला. "अपाच्या नावानं. सगळ्या पोरांना घेऊन."

"जाऊ ना. जायलाच पाहिजे."

"कधी?"

रिसबेकनं डोंगरांकडे पाहिलं. "बघू. जवळच तर आहे. कधीही जाऊ."

त्यानंतर मेच्या सुट्ट्या आल्या, गेल्या. पुन्हा आल्या, पुन्हा गेल्या. घर भाड्यानं द्यायचं ठरलं आणि अंगण मोकळं करायला भंगाराची गाडी बोलावली. मला मागे टाकलं, दोरी न बांधता. मोठा रस्ता लागला. मी खणखणत होते. समोर फाटा आला. तेच वळण, तेच पॉप्लरचं झाड. चालकानं दोनदा हॉर्न वाजवला. माझं तडकलेलं अंगसुद्धा थरारलं.

रस्त्यात गाय आली होती. ती बाजूला झाली आणि गाडी सरळ पुढे गेली.

इथून ते डोंगर स्वच्छ दिसतात. लवकरच मला वितळवतील. माझ्या बिडाचं गटाराचं झाकण होईल, नाहीतर आणखी काही. त्याचं दुःख करण्यात अर्थ नाही. गुरुवारी तेलाचा वास आता त्या घरातून येत नाही, त्याचं दुःख मात्र आहे.

मित्रांनो, भांड्यांची निगा राखा, तापलेल्या बिडात गार पाणी ओतू नका, हे तर सांगतेच. आणखीही सांगितलं असतं. तुमच्या गावाजवळही एखादा झरा असेल, टेकडी असेल, आणि तुमच्याही घरात कुणीतरी दर सुट्टीच्या आधी तुमच्या तोंडाकडे बघत असेल. त्या माणसाला घेऊन या सुट्टीत जा, असं म्हणणार होते. पण तुम्ही काय उत्तर द्याल, ते मी आधीच ऐकलेलं आहे.